चौकातला पडदा

आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी जो चौक आहे, तेथे पूर्वी एक काळा फळा असे. वाचनालयातले एक गृहस्थ रोज सकाळी खडूने त्यावर ठळक बातम्या लिहीत. अक्षर सुरेख, पण बातम्या कधीकधी शिळ्या. तरी दूध घेऊन परतणारी माणसं तेथे दोन मिनिटं थांबत, वाचत, आणि एखाद्या बातमीवर आपलं मत देऊन मगच पुढे जात. तो फळा केव्हाच गेला. तीन वर्षांपूर्वी त्याच जागी दोन लोखंडी खांबांवर एक भला मोठा डिजिटल पडदा उभा राहिला. लोक त्याला नुसतं ‘एलईडी’ म्हणतात. “एलईडीपाशी भेटू,” असं म्हणायची आता पद्धतच पडली आहे. दिवसभर त्यावर सराफांच्या आणि शिकवणी वर्गांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतात. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मात्र फडकणारा तिरंगा.

गेल्या वर्षी प्रजासत्ताकदिनी या पडद्यापुढे एक लहानसा प्रसंग घडला. झेंडावंदन झालं, शाळेच्या मुलामुलींनी राष्ट्रगीत सुरू केलं. ती दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली असतील-नसतील, तोच पडदा चालवणाऱ्या पोऱ्याने बटण दाबलं आणि ध्वनिक्षेपकातून वाद्यवृंदासह तेच राष्ट्रगीत पहिल्यापासून सुरू झालं. मुलं गोंधळली. काही थांबली, काहींनी पडद्याबरोबर पुन्हा पहिली ओळ धरली, बाकीची आपलीच चाल पुढे रेटत राहिली. मुख्याध्यापिकाबाई डोळ्यांनीच मुलांना खुणा करीत होत्या. राष्ट्रगीताला नियमाने साधारण ५२ सेकंद लागतात. त्या दिवशी आम्ही दीड मिनिट सावधान उभे होतो, आणि नेमकं कशाला मान देत उभे आहोत, मुलांच्या गाण्याला की पडद्याच्या, ते कोणालाच कळत नव्हतं.

लोक नंतर हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रसंग काही डोक्यातून जाईना. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. राष्ट्र म्हणजे काय, हा धडा दर वर्षी असतोच. बेनेडिक्ट अँडरसन या विद्वानाने १९८३ साली एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात त्याने राष्ट्राला ‘कल्पिलेला समाज’ म्हटलं. कल्पिलेला म्हणजे खोटा नव्हे बरं का! एका राष्ट्रातली माणसं एकमेकांना कधी भेटणार नसतात, तरी आपण एक आहोत ही जाणीव प्रत्येकाच्या मनात असते, एवढाच त्याचा अर्थ. त्याने वृत्तपत्राचं उदाहरण दिलं आहे. सकाळी वृत्तपत्र उघडणाऱ्याला ठाऊक असतं, की याच वेळी हजारो अनोळखी माणसं हेच वाचीत आहेत. ती त्याला दिसत मात्र नाहीत. आता चौकातल्या पडद्याचं पाहा. येथे बातमी समोर असते, आणि ती पाहणारी इतर माणसंही शेजारीच उभी असतात. त्यांचा घाम, त्यांच्या टाळ्या, त्यांचे सुस्कारे, सगळं आपल्याला कळतं. जे वृत्तपत्राच्या वाचकाने मनाशी कल्पायचं, ते येथे खांद्याला खांदा लावून उभं असतं. असं उभं राहून माणसं अधिक एकराष्ट्रीय होतात का, आणि झालीच तर ते पडद्यामुळे की एकमेकांमुळे, हा माझा आजचा विषय.

चौकात जमून बातमी पाहण्याची हौस तशी जुनी. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ६ नोव्हेंबर १९२८ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री, इमारतीभोवती धावणाऱ्या दिव्यांच्या अक्षरांनी निकाल सांगितले गेले. त्या पट्ट्याला १४,८०० दिवे होते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आल्याची वार्ताही हजारो लोकांनी मान वर करून तेथेच वाचली. पण ती अक्षरं होती, चित्र नव्हतं. हलतं चित्र उघड्यावर दाखवायचं तर अंधार हवा, कारण सिनेमाचा पडदा उजेडात फिका पडतो. १९८० साली लॉस एंजेलिसच्या डॉजर क्रीडांगणावर आणि १९८५ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रदर्शनात काचेच्या नळ्यांचे प्रचंड पडदे उभे राहिले. त्सुकुबाचा पडदा तर ४० मीटर रुंद आणि २५ मीटर उंच! मात्र ते भारी वजनाचे आणि भारी खर्चाचे होते. खरी अडचण निळ्या रंगापाशी होती. वीज जाताच प्रकाशणारे तांबडे आणि हिरवे कण पूर्वीच साधले होते. निळा झगझगीत कण १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी सिद्ध केला, आणि तांबडा, हिरवा व निळा मिळून भर दुपारच्या उन्हात दिसेल असं चित्र तयार करता येऊ लागलं. नाकामुरा, अकासाकी आणि अमानो या तिघांना त्याबद्दल २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या गल्लीतल्या गणेशमंडळाने उत्सवात मागे जी ‘एलईडी वॉल’ लावली होती, तिची कुळकथा ही अशी आहे.

उजेडात दिसू लागताच पडदा नाट्यगृहातून बाहेर पडला आणि चौकात येऊन बसला. पुढे काय झालं ते पाहायला आपण दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे जाऊ.

२००२ च्या जूनमध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धा जपान आणि कोरिया यांनी मिळून भरवली होती. कोरियाने तोवर पाच स्पर्धांत भाग घेऊन एकही सामना जिंकलेला नव्हता. या खेपेला त्यांनी ४ जूनला पोलंडला हरवलं, मग इटलीला, मग स्पेनला, आणि संघ थेट उपान्त्य फेरीत जाऊन पोचला. मैदानात जागा मिळेल ती किती जणांना? लोक नगरभवनापुढच्या आणि ग्वांगह्वामुनच्या रस्त्यांवर, उंच इमारतींवरच्या विद्युत्पडद्यांखाली जमू लागले. पहिल्या सामन्याला हजारो होते, उपान्त्य सामन्याला देशभर लक्षावधी. सगळ्यांच्या अंगात लाल सदरे.

लाल रंगात विशेष काय, असं तुम्हांला वाटेल. पण १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर त्या देशात लाल म्हणजे साम्यवादी, लाल म्हणजे उत्तरेकडचा शत्रू, असं समीकरण पक्कं बसलेलं. एखाद्याला ‘लाल’ म्हणणं म्हणजे त्याच्या मागे पोलीस लावणं. तोच रंग नातवंडं अंगभर मिरवीत होती आणि आजोबा बघत होते. राष्ट्रध्वजाचंही तसंच. एके काळी, अगदी १९८० च्या दशकातसुद्धा, संध्याकाळी ध्वज उतरवण्याची धून लागली की रस्त्यावरच्या माणसाने जागच्या जागी उभं राहायचं, अशी तेथली शिस्त होती. २००२ मध्ये पोरापोरींनी तोच ध्वज पाठीवर पांघरला, कमरेला गुंडाळला, गालांवर रंगवला. कोणा अधिकाऱ्याने त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. पडद्यावर तर नुसते बावीस खेळाडू धावत होते. ध्वजाचा धाक जाऊन त्याच्याशी जवळीक झाली, ती पडद्याच्या अलीकडे, रस्त्यावर.

याच गोष्टीचा दुसरा भाग फुटबॉलच्या शौकिनांना बहुधा ठाऊक नसतो. स्पर्धा रंगात असतानाच, १३ जूनला, सोलच्या उत्तरेला अमेरिकन सैन्याच्या एका चिलखती गाडीखाली शाळेत जाणाऱ्या दोन मुली सापडून मेल्या. गर्जनांच्या त्या दिवसांत कोणी फारसं लक्ष दिलं नाही. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन लष्करी न्यायालयाने गाडीवरच्या सैनिकांना निर्दोष सोडलं, तेव्हा मात्र लोक मेणबत्त्या घेऊन पुन्हा त्याच ग्वांगह्वामुनला जमले. चार-पाच महिन्यांपूर्वी लाल सदरे घालून जेथे उड्या मारल्या, तेथेच आता ते मूकपणे उभे होते. आता पडद्याची गरज नव्हती. जमायचं कुठे, इतक्या अनोळखी माणसांत उभं कसं राहायचं, हे जूनमध्ये अंगवळणी पडलं होतं. नगरभवनापुढची जागा त्या वेळी मोटारींचं वळणच होती. २००४ मध्ये तेथे हिरवळ करून ती लोकांसाठी मोकळी करण्यात आली.

तुम्ही म्हणाल, खेळाचं काय घेऊन बसलात, खेळात सगळेच देशभक्त असतात. बरोबर आहे. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडे मैदानावर आपण विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्याही चौकात धुतलेल्या चादरीवर प्रक्षेपक लावून दोनेकशे माणसं बसली होती, आणि मी ज्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता त्या शेजाऱ्यांना मिठी मारली होती. अबोला पुढे आठवड्याने पुन्हा सुरू झाला, ही गोष्ट वेगळी! विजय पाहायला गर्दी जमते, यात नवल नाही. राष्ट्राला जिची लाज वाटावी अशी गोष्ट पाहायला गर्दी जमते का, हे पाहायला हवं. त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराचं आहे, आणि ते मला पुस्तकातून नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीकडून कळलं.

ताई २००६ च्या अखेरीस मेलबर्नला गेली. २०२४ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने मला प्रथम फेडरेशन स्क्वेअर दाखवला. ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहतींचं १९०१ साली एक संघराज्य झालं. त्या घटनेच्या शताब्दीची आठवण म्हणून हा चौक बांधला आणि २००२ च्या ऑक्टोबरमध्ये खुला केला. फ्लिंडर्स स्ट्रीट रेल्वे स्थानकाच्या समोर, रूळांवर छत घालून त्यावर ही जागा केली आहे. जमीन सपाट नाही. तिला पसरट घाटासारखा उतार आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातले तांबूस-जांभळे दगड तिच्यावर बसवले आहेत. उंच टाचांची पादत्राणं घालणाऱ्या बायका त्या दगडांना मनापासून शिव्या देतात, असं ताई म्हणाली. उताराच्या एका बाजूला उंचावर पडदा. मी गेलो तेव्हा त्यावर कसलासा माहितीपट चालू होता आणि पाहायला एक कबुतर, दोन विद्यार्थी आणि मी. बाकीचे डबे उघडून जेवीत होते. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशा झाली.

“असाच असतो रे रोज,” ताई म्हणाली. “तू त्या दिवशी यायला हवं होतंस.”

तो दिवस १३ फेब्रुवारी २००८ चा. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता कॅनबेरा येथे संसदेत पंतप्रधान केविन रड यांनी देशाच्या मूळ रहिवाशांची, विशेषतः ‘चोरलेल्या पिढ्यां’ची, क्षमा मागितली. या पिढ्यांची हकीकत थोडक्यात अशी. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी आणि धार्मिक संस्थांनी मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून हिरावून घेतली आणि ती वसतिगृहांत किंवा गोऱ्या कुटुंबांत वाढवली. १९९७ साली एका राष्ट्रीय चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. दर दहांतल्या एकापासून दर तिघांतल्या एकापर्यंत मुलं अशी नेली गेली असावीत, असा अंदाज त्यात दिला होता. त्यानंतर ‘सरकारने क्षमा मागावी’ अशी मागणी दहा वर्षं होत राहिली. २००० सालच्या मे महिन्यात सिडनीच्या बंदरावरच्या पुलावरून अडीच लाख माणसं त्यासाठी चालत गेली. तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत खेद व्यक्त केला होता, पण क्षमा हा शब्द काही उच्चारला नाही. आजच्या पिढीने मागच्या पिढीच्या कृत्यांची क्षमा का मागावी, असं त्यांचं म्हणणं.

रड यांचं सरकार आलं आणि त्याने संसदेतलं पहिलंच काम म्हणून हा ठराव घेतला. भाषण देशभर शाळांत, कचेऱ्यांत आणि चौकांतल्या पडद्यांवर दाखवलं गेलं. ताई गाडीतून उतरून कचेरीकडे निघाली होती. चौकात तिला हजारो माणसं उभी दिसली, पण आवाज नाही. “मला वाटलं, कोणी मोठं माणूस गेलं,” ती म्हणाली. ती थांबली. तिच्या पुढे एक म्हातारी होती. तिने खांद्यावर मूळ रहिवाशांचा काळा, तांबडा नि पिवळा ध्वज घेतला होता. पंतप्रधानांनी क्षमेचा शब्द उच्चारला, तेव्हा म्हातारी रडली नाही, नुसती मान हलवीत राहिली. शेजारचा सुटाबुटातला गोरा मनुष्य मात्र ढसाढसा रडला. ताईला काय करावं कळेना. “मी त्या देशात येऊन पंधरा महिने झालेले. माझ्या आजोबांनी काही कोणाची मुलं पळवली नव्हती. पण ज्या जमिनीवर मी भाड्याने राहत होते, ती कोणाची, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.”

आता पुढचा प्रसंग. रड यांच्यानंतर विरोधी पक्षाचे नेते ब्रेंडन नेल्सन बोलायला उभे राहिले. त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला, हे आधी सांगितलं पाहिजे. पण बोलता बोलता ते म्हणाले, की मुलं नेणाऱ्या पुष्कळांचा हेतू चांगला होता. मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतल्या आजच्या अत्याचारांचं वर्णनही त्यांनी त्याच वेळी केलं. चौकात चुळबुळ सुरू झाली. सावकाश, ठेका धरून, निषेधाच्या टाळ्या पडू लागल्या. आणि मग माणसांनी पडद्याकडे पाठ फिरवली. कॅनबेराला संसदभवनाच्या दालनात नि बाहेर हिरवळीवर हेच झालं. पश्चिमेला पर्थ शहरात तर इतका आरडाओरडा झाला, की पडदा बंदच करावा लागला.

“तू फिरवलीस पाठ?” मी विचारलं.

“अर्धवट,” ताई म्हणाली. “आडवी उभी राहिले. धड इकडे ना तिकडे.”

मला तिचं ते आडवं उभं राहणं फार प्रामाणिक वाटतं. असो. त्या सकाळी नेल्सन यांचं भाषण दूरदर्शन संचावर घरी बसून पाहणाऱ्यांपैकीही पुष्कळांना राग आला असेल. त्यांनी संच बंद केला असेल. पण तो राग त्यांच्या दिवाणखान्यातच राहिला. चौकात शेजारच्याने पाठ फिरवली की आपल्याला ती दिसते, आणि आपणही वळायचं की नाही हे ठरवावंच लागतं. पडद्यावर चित्र संसदेचं होतं. पण त्या क्षणी देशाचा अभिप्राय पाहायचा, तर पडद्याकडे नव्हे, वळलेल्या पाठींकडे पाहायला हवं होतं. दुसरी बाजूही सांगतो. ज्यांनी पाठ फिरवली, त्यांतल्या पुष्कळांनी नेल्सन यांचा पाठिंबा नीट ऐकलाच नसणार. चौकात बारीक गोष्टी ऐकू येत नाहीत. सभेतल्या माणसाचा तो जुनाच दोष, आणि पडद्याने तो कमी झालेला नाही.

या क्षमेने सगळं निभावलं असंही कोणी समजू नये. मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारं एक मंडळ राज्यघटनेने द्यावं की नाही, यावर १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं. दर शंभरांतल्या साठांनी नकार दिला, आणि सहाही राज्यांत प्रस्ताव पडला. पंधरा वर्षांपूर्वी चौकात डोळे पुसणारे त्या साठांत किती होते, हे मतपेटी सांगत नाही. तसाच त्यांच्या राष्ट्रीय दिवसाचा वाद. १७८८ साली इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला, तो दिवस ते राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. मूळ रहिवासी त्यालाच आक्रमणाचा दिवस म्हणतात आणि मेलबर्नच्या रस्त्यांवरून निषेधाचा मोर्चा काढतात. तारीख कोणती म्हणाल? २६ जानेवारी! ताई म्हणते, “त्या दिवशी मी सकाळी आपला प्रजासत्ताकदिन साजरा करते आणि दुपारी गप्प बसते.”

त्या चौकाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने जाहीर केलं, की चौकातली एक इमारत पाडून तेथे ॲपल कंपनीचं भव्य दुकान होईल. लोक खवळले. ही जागा संघराज्याच्या आठवणीची, ती दुकानदारीला कशी देता, असा प्रश्न निघाला. वास्तुवारसा पाहणाऱ्या संस्थेने २०१९ च्या एप्रिलमध्ये इमारत पाडायला परवानगी नाकारली, आणि कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी चौकाची वारसास्थळ म्हणून नोंद झाली. जेमतेम सतरा वर्षांची जागा वारसा ठरली! आपल्याकडे सतराशे वर्षांच्या लेण्यांवर लोक नावं कोरतात, ते आठवून मला अंमळ ओशाळल्यासारखं झालं.

आणि याच चौकात २०१७ च्या ऑगस्टमध्ये, तेथे भरणाऱ्या भारतीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी, ऐश्वर्या राय बच्चन यांच्या हस्ते तिरंगा फडकला होता. ताई मुलीला घेऊन गेली होती. तोवर तिने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं होतं. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून भारतीय पारपत्र परत करावं लागलं. २०२१ च्या तेथल्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार लोक मोजले गेले, त्यांतली ती एक. “तिरंगा वर जाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं,” ती म्हणाली, “आणि पोरगी विचारते, आई, धिस इज अवर फ्लॅग ऑर युअर फ्लॅग? काय सांगू?” मी राज्यशास्त्राचा पदवीधर. माझ्यापाशीही झटकन उत्तर नव्हतं.

आता याच्या उलट चित्र. चीनच्या राजधानीतल्या तिआनआनमेन चौकात २००९ साली, जनसत्ताक राज्याच्या साठाव्या वर्षदिनासाठी, दोन प्रचंड लांब पडदे उभारले गेले. २०१४ च्या जानेवारीत बीजिंगवर दाट धुरकं पसरलं होतं. तेव्हा एका पडद्यावरच्या लालबुंद सूर्योदयाचं छायाचित्र जगभर छापलं गेलं, आणि सोबत मजकूर असा, की खरा सूर्य दिसत नाही म्हणून सरकार लोकांना पडद्यावर सूर्य दाखवतं. गोष्ट मोठी मासलेवाईक, पण खोटी! तो सूर्योदय शांतुंग प्रांताच्या पर्यटनाच्या जाहिरातीतला होता, आणि ती जाहिरात दिवसभर फिरत असे. तरी लोकांना ती इतकी पटली का? मला वाटतं, तिआनआनमेनचा पडदा कोणी पाठ फिरवण्यासाठी नाही, हे सगळ्यांना आतून ठाऊक असतं. जेथे पाहणाऱ्याला उत्तर देता येत नाही, तेथे पडद्याबद्दल काहीही सांगा, खरं वाटतं.

हे उत्तर देणं माझ्या दृष्टीने कळीचं आहे, आणि त्याचा एक जुना दाखला आपल्याच घरचा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अशी वीस भाषणं झाली. संध्याकाळी चावडीत किंवा शाळेत रेडिओभोवती मंडळी बसायची, ऐकायची, आणि ऐकून झाल्यावर खल करायची. येथवर विशेष काही नाही. पण चर्चेचा वृत्तान्त आणि शंका लिहून पुण्याला पाठवल्या जात, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. नुसतं ऐकणाऱ्या गावांपेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञानाची वाढ कितीतरी अधिक दिसली. तेव्हा देशाचं प्रजासत्ताक सहा वर्षांचं होतं. नांगरापासून खतापर्यंतच्या त्या बोलण्यात राष्ट्र हा शब्द फारसा आला नसेल, पण पुण्याच्या केंद्राला आपण विचारू शकतो आणि ते आपल्याला उत्तर देतं, हे ज्या शेतकऱ्याला कळलं, त्याला देश आपला वाटायला आणखी काय हवं?

आमच्या एलईडीपाशी असं काही नाही. त्याच्याखाली बाक नाही, सावली नाही, वाहनं उभी असतात. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान उतरताना तो पडदा खरोखर सगळ्या गावाचा झाला होता, मोटारी हटवून माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा शुभेच्छा आणि मोटारी. ग्रामसभेचा ठराव, पाणी कोणत्या वारी येणार, बारावीला कोण पहिला आला, यांतलं काही त्यावर येत नाही. जुन्या फळ्यावर हे सगळं येत असे. मी एकदा संबंधितांना हे बोलून पाहिलं. जाहिरातीचे दर असतात, असं उत्तर मिळालं. त्यांचंही चुकलं नाही. विजेचं बिल कोणाला तरी भरावंच लागतं.

राष्ट्रगीताचं मात्र जमलं. यंदा २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी मी, मुख्याध्यापिकाबाई आणि वाचनालयाचे चिटणीस, असे तिघे पडद्याच्या खोलीत गेलो. चालवणारा पोऱ्या निघाला माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला म्हटलं, “बाबा रे, मुलं गात असतील तोवर तुझा पडदा काळा ठेव.” त्याला पटलं, पण तो म्हणाला, “सर, पडदा काळा दिसला तर लोक म्हणतील बंद पडला.” बाई म्हणाल्या, “म्हणू देत.”

दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला, मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं. मागे पडदा काळा. काही जणांनी खरंच वर पाहून एकमेकांना खुणा केल्या. दुसऱ्या ओळीपाशी मागच्या दुकानदारांनी सूर धरला, मग भाजीवाल्या बायकांनी. गाणं संपलं, जयघोष झाला, माणसं सैल झाली. तेवढ्यात खोलीच्या खिडकीतून पोऱ्याने हात बाहेर काढून मला विचारलं, “सर, आता लावू का?”